146 न वाचलेली पुस्तकं आणि एक चातुर्मास

ठाण्यात नौपाड्यातली जुनी इमारत, दोन खोल्या आणि हॉल. घरात चौघं: माझी मैत्रीण, तिचा नवरा, सासूबाई आणि बारावीतली मुलगी. मैत्रीण फोर्टात एका विमा कंपनीत नोकरीला. वाचणारी बाई, यात शंका नाही. वर्षाला वीसेक पुस्तकं सहज होतात. विकत मात्र तीसेक घेतली जातात, आणि हे गेली पंधरा वर्षं चाललं आहे.

मे 2025 मध्ये घराला रंग काढायचा ठरला आणि दिवाणातली, माळ्यावरची, कपाटावरची सगळी पुस्तकं हॉलमध्ये आली. वाचलेली आणि न वाचलेली असे दोन ढीग करायला तिने मला बोलावलं. न वाचलेली भरली 146. नवऱ्याने त्यातलं एक जाडजूड पुस्तक उचललं, ‘हिंदू’, आणि मुखपृष्ठावरचं उपशीर्षक रंगाऱ्यांसमोर खड्या आवाजात वाचून दाखवलं: “जगण्याची समृद्ध अडगळ.” ते पुस्तक 2010 साली आलं तेव्हाच घेतलेलं होतं. ती काही बोलली नाही. रंगारी हसला.

या 146 पुस्तकांचं पुढच्या सहा महिन्यांत काय झालं, त्याचा हा वृत्तान्त. हंगामी वाचन-संकल्प बरेच जण करतात आणि ‘इतकी वाचून झाली’ एवढाच आकडा सांगतात. माझ्या मते त्या आकड्यातून फार थोडं कळतं. ढीग कसा साचला आणि कुठून हलला, हे त्याहून कामाचं आहे.

ढीग एक नव्हता

146 पुस्तकं जमिनीवर मांडल्यावर पहिल्यांदा दिसलं की ती सगळी एकाच कारणाने न वाचलेली नव्हती. सगळ्यात मोठा गठ्ठा प्रकाशनपूर्व सवलतीतल्या संचांचा. मराठी पुस्तकव्यवहाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना ही सवलत ठाऊक असते: तीन-चार खंडांचा ग्रंथ यायचा असतो, आगाऊ पैसे भरले तर बऱ्याच कमी किमतीत मिळतो, मुदत जवळ आलेली असते. पैसे भरताना आपण सवलत घेत असतो. सहा-आठ महिन्यांनी खोकं घरी येतं तेव्हा कुठे पुस्तक घेतल्याचं ध्यानात येतं. असे 31 खंड निघाले. एका संचाचं तर प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं.

दुसरा गठ्ठा प्रदर्शनांतला आणि साहित्य संमेलनांतला. तिथे खरेदी उत्साहात होते, लेखक समोर सही करायला बसलेला असतो, त्यामुळे ‘मग कधीतरी वाचू’ या बोलीवर बरंच काही पिशवीत पडतं. तिसरा भेटींचा: निवृत्तीच्या समारंभातली, ऑफिसात वाटलेली व्यवस्थापनावरची, वाढदिवसाची. चौथा फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवरून उचललेल्या इंग्रजी रहस्यकथांचा. हा मात्र खरोखर वाचायच्या इच्छेने घेतलेला होता आणि ‘आधी चांगली पुस्तकं वाचू’ या धाकाने मागे राहिला होता.

आता साधा हिशेब. वर्षाला तीस आत येतात, वीस वाचून होतात. शिल्लक दर वर्षी दहाने वाढते. वाचनाचा वेग दीडपट केला, म्हणजे वर्षाला तीस वाचली, तरी ढीग आहे तेवढाच राहतो. म्हणजे ‘जास्त वाच’ हा सल्ला इथे बिनकामाचा. आवक थांबायला हवी होती आणि काही पुस्तकं न वाचताच बाहेर जायला हवी होती.

उसना उन्हाळा

संकल्पाची ही पहिली वेळ नव्हती. 2024 मध्ये तिने इंग्रजी वाचकांमध्ये रूढ असलेला उन्हाळी नेम घेऊन पाहिला होता: 1 जून ते ऑगस्टअखेर घरातली वीस पुस्तकं वाचायची. ब्रिटनमध्ये उन्हाळा आणि वाचन यांचं नातं जुनं आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून 1999 पासून मुलांसाठी ‘समर रीडिंग चॅलेंज’ चालतं, सुट्टीत सहा पुस्तकं वाचायची असतात. मोठेही घरातला साठा कमी करायला असाच उन्हाळी नेम करतात. नियमही सैल असतात: वीस झेपत नसतील तर पंधरा, नाहीतर दहा, आणि यादीतलं पुस्तक मध्येच बदललं तरी कुणी विचारत नाही.

तिकडे याच काळात शाळांना उन्हाळी सुट्टी लागते आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ठाण्यात जून म्हणजे शाळा-कॉलेज सुरू होणं, छत्र्या, न वाळणारे कपडे. त्या वर्षी मुलगी दहावी झाली होती. जून-जुलै अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्यांत गेले. वीसपैकी पाच पुस्तकं झाली आणि जुलैच्या मध्यावर यादी वहीतच राहिली.

कारण नुसतं प्रवेशाचं नव्हतं. ती यादी मी पाहिली होती. वीसच्या वीस पुस्तकं ‘वाचायलाच हवीत’ या जातीची, सगळी जाड, आणि एकही अशी नाही की रात्री साडेदहाला भांडी आवरून झाल्यावर हात आपणहून तिच्याकडे जाईल. स्वतःची परीक्षा घ्यायला काढलेली यादी होती ती.

आपल्याकडची सुट्टी एप्रिल-मेची. पण ती लग्नं, गाव, आंबे आणि पाहुण्यांची. त्यामुळे ‘उन्हाळी वाचन’ हा प्रकार आपल्या घरांत मुलांपुरता जमतो, घर चालवणाऱ्या बाईला जमणं कठीण.

नेम

2025 मध्ये चातुर्मास धरायची कल्पना सासूबाईंची. त्यांच्या दृष्टीने त्यात नवीन काहीच नव्हतं. आषाढी ते कार्तिकी काहीतरी सोडायचं आणि काहीतरी धरायचं, ही रीतच. कुणी कांदा-लसूण-वांगं सोडतं, कुणी रोज पोथीचा अध्याय धरतं. “तू विकत घ्यायचं सोड आणि घरातलं वाचायचं धर,” असं त्यांनी सांगितलं, आणि नियमाचा अर्धा मसुदा तिथेच तयार झाला.

त्या वर्षी आषाढी एकादशी 6 जुलैला होती आणि कार्तिकी 2 नोव्हेंबरला. सतरा आठवडे. तिच्या नेहमीच्या वेगाने यात सहा-सात पुस्तकं झाली असती. आम्ही बारा ठरवली. बाराचा आकडा जरा चढाच होता, पण यादीत या वेळी मुद्दाम सगळे आकार घेतले.

नियम चार. आषाढीच्या आधी घरात असलेलीच पुस्तकं. कार्तिकीपर्यंत खरेदी बंद. पन्नास पानांनंतर मन लागलं नाही तर पुस्तक ठेवून द्यायचं, पण ठेवताना ते घरात राहणार की जाणार हे त्याच दिवशी ठरवायचं. आणि दिवाळी अंकांची सूट. ही सूट नसती तर नेम ऑक्टोबरात मोडला असता, यात मला शंका नाही. 1909 साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाचा कार्तिक त्यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे. मात्र अंक विकत न घेता ग्रंथालयाच्या दिवाळी अंक योजनेतून आणायचे, असं ठरलं. ठरावीक वर्गणी भरायची, अंक बदलून बदलून वाचायचे, घरात एकही उरत नाही.

खरं काम मात्र आषाढीच्या आधीच झालं, आणि त्याचा कुणी विचारही केला नव्हता. बारा पुस्तकं निवडायची तर 146 हातात घ्यावी लागली. प्रत्येक पुस्तकाला ‘या चातुर्मासात नाही, मग पुढच्या तरी वाचशील का?’ असं विचारावं लागलं. उत्तर बऱ्याचदा सरळ ‘नाही’ आलं. दोन रविवार गेले आणि 44 पुस्तकं वेगळी निघाली.

ती बाहेर काढणं हा वेगळाच खटाटोप. जवळच्या ग्रंथालयाने निम्मी नाकारली. त्यांच्याकडे त्याच पुस्तकांच्या दोन-दोन प्रती आधीच होत्या, आणि जागा त्यांनाही नाही. ग्रंथपालबाईंनी सुस्थितीतल्या कादंबऱ्या आणि मुलांची पुस्तकं तेवढी ठेवून घेतली. काही ऑफिसातल्या मैत्रिणींनी नेली. व्यवस्थापनाची आणि परीक्षांची रद्दीत गेली, किलोच्या भावाने. डोंबिवलीला पुस्तक आदान-प्रदान भरतं, तिथे न्यावीत असंही मी सुचवलं होतं. त्यावर नवरा म्हणाला, “तिथे जेवढी देतात तेवढी घेऊनही येतात ना? मग राहू दे.” त्या माणसाचा या विषयातला व्यवहारी शहाणपणा आम्हा दोघींपेक्षा बरा आहे.

यादी सुरू व्हायच्या आधीच ढीग 102 वर आला होता. एकही पान न वाचता.

सतरा आठवडे

जुलै चांगला गेला. ती ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल पकडते, त्यामुळे जाताना बसायला मिळतं. येताना उभं राहून, एका हाताने दांडी धरून वाचावं लागतं, तिथे पातळच पुस्तक चालतं. म्हणून सुरुवात ‘रणांगण’ आणि ‘बनगरवाडी’ने केली. पहिलं 1939 चं, दुसरं 1955 चं, दोन्ही आकाराने छोटी, आणि दोन्ही न वाचल्याबद्दल ती पंचवीस वर्षं मनात ओशाळत होती. दहा-बारा दिवसांत दोन्ही झाली. मग फुटपाथवरची एक इंग्रजी रहस्यकथा. ती यादीत घालावी यासाठी मला भांडावं लागलं होतं. तिचं म्हणणं, हे काय ‘वाचन’ आहे! पण त्या रहस्यकथेमुळेच जुलैअखेर तीनाचा आकडा झाला आणि नेम टिकेल असं तिला पहिल्यांदा वाटलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला तीन खंडी चरित्राचा पहिला खंड उघडला आणि पन्नासाव्या पानावर मिटला. तिन्ही खंड द्यायचे ठरले. इथे ती अडखळली, कारण आगाऊ भरलेले पैसे आठवले. पैसे चार वर्षांपूर्वीच गेले होते, पुस्तक घरात ठेवून ते परत येणार नव्हते. तरी हे तिला पटायला आठवडा गेला. एवढ्यात ‘माझा प्रवास’ हाताशी आलं. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी दानदक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि 1857 च्या धुमाळीत सापडले, त्याची ही हकीगत, 1907 साली छापली गेलेली. 19 ऑगस्टला मुसळधार पावसाने ठाणे ते सीएसएमटी मुख्य मार्गावरच्या लोकल बंद पडल्या, ती घरीच राहिली, आणि संध्याकाळपर्यंत भटजी झाशीहून सुटून वरसईच्या वाटेला लागले होते.

पुढचं पुस्तक ‘ऋतुचक्र’. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण अशा संकल्पांची उणी बाजू तिथे दिसली. दुर्गा भागवतांचं हे पुस्तक मराठी महिन्यांच्या क्रमाने चालतं, चैत्रापासून पुढे एकेक महिना. झाडं, फुलं, पाखरं, ढग, उजेड. ते पुस्तक एका बैठकीत वाचायचं नव्हेच. पण 27 ऑगस्टला गणपती, त्याआधी पाचवं पुस्तक पुरं व्हायला हवं, म्हणून तिने एका शनिवार-रविवारात चैत्र ते फाल्गुन सगळं उरकलं. सोमवारी मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, “झालं एकदाचं.” एरवी पळसाचं झाड दिसलं की रिक्षा थांबवणारी ही बाई! संकल्पाला फक्त ‘झालं’ आणि ‘नाही झालं’ एवढंच कळतं, आणि काही पुस्तकांना तो न्याय लावताच येत नाही. वहीत ‘ऋतुचक्र’पुढे बरोबरची खूण आहे. मी ती खोटी धरते. तीही आता धरते: पुस्तक पुन्हा उशाशी आलं आहे आणि ज्या महिन्याचं त्या महिन्यात वाचणं चाललं आहे.

गणपतीत काहीही वाचून झालं नाही. गौरींबरोबर 2 सप्टेंबरला विसर्जन होईपर्यंत पुस्तकाला हात लागला नाही, आणि त्याची खंत कुणी करू नये. यादी आखतानाच हे आठवडे कोरे धरायला हवेत. सणाच्या धांदलीतही ‘रोज दहा पानं’ असा हट्ट धरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची दहा पानं होतात, पण ते कुणाशी धड बोलत नाहीत.

नेम सावरला तो पितृपक्षाने. 8 ते 21 सप्टेंबर. या पंधरवड्यात लग्न-मुंज नाही, गृहप्रवेश नाही, नवी खरेदी नाही, कुणाकडे समारंभाला जायचं नाही. घरातला श्राद्धाचा एक दिवस सोडला तर संध्याकाळी मोकळ्या. मराठी वर्षात वाचनासाठी यापेक्षा निवांत पंधरवडा शोधून सापडणार नाही, आणि तो तसा वापरावा हे आजवर कुणी सुचवल्याचं मी ऐकलेलं नाही. या चौदा दिवसांत तिची तीन पुस्तकं झाली. त्यातलं एक ‘स्मृतिचित्रे’, चारही भाग एकत्र असलेली जाड प्रत. पूर्वी दोनदा सुरू करून सोडलेली.

ती कशी झाली हे सांगण्याजोगं आहे. पुस्तकाच्या जाडीला ती बिचकत होती. सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढं जाड आहे तर सप्ताह लाव की त्याचा.” सासरे असताना घरात दत्तजयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह असे. बावन्न अध्याय, सात दिवस, आणि रोजची वाटणी परंपरेने ठरलेली: पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, मग एकोणतीस, पस्तीस, अडतीस, त्रेचाळीस आणि शेवटी समाप्ती. नीट पाहिलं तर पाचव्या दिवसाच्या वाट्याला अवघे तीन अध्याय आहेत. कारण छत्तिसावा अध्याय भलता लांब. ज्याने कुणी ही वाटणी केली त्याने अध्याय मोजले नाहीत, बसणाऱ्याचा वेळ मोजला. आम्ही ‘स्मृतिचित्रे’ची तशीच वाटणी केली: ऑफिसच्या दिवसांना थोडी, शनिवार-रविवारी जास्त, आणि प्रत्येक दिवस एखादा प्रसंग संपेल तिथे थांबेल अशी. पुस्तकात सात कागदी खुणा घातल्या. पाचव्या दिवशी ती दोन खुणा ओलांडून पुढे गेली होती. लक्ष्मीबाई टिळकांचं गद्य वाचणाऱ्याला धरून ठेवतं, पण पहिल्या ऐंशी पानांपर्यंत न्यायला त्या खुणा लागल्या.

मग ‘युगान्त’ आणि एक कवितासंग्रह. आकडा आठ.

नवरात्र ते दिवाळी नेहमीसारखंच. 2 ऑक्टोबरचा दसरा, मग साफसफाई, फराळ, मुलीच्या क्लासच्या परीक्षा. ऑफिसातून भेट आलेलं व्यवस्थापनाचं पुस्तक पन्नास पानांवर गेलं. एक कथासंग्रह झाला. शेवटच्या पंधरवड्यात तिने यादीबाहेरची दोन पातळ पुस्तकं घालून बाराची भरती करावी का, असं विचारलं. मी नको म्हटलं. बदली चालते, पण बदलीमागे ‘हे मला आता वाचावंसं वाटतंय’ एवढंच कारण असावं. पानं कमी आहेत म्हणून घेतलेलं पुस्तक हिशेबात भर घालतं, ढिगाला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

जमाखर्च

कार्तिकीला बारापैकी नऊ वाचलेली, दोन सोडलेली, एक न उघडलेलं. न उघडलेलं म्हणजे ‘हिंदू’. खरेदी शून्य. भेट आलेली दोन. ढीग 91.

तिला नऊ हा आकडा लागला. “बारात तीन कमी,” असं गणित ती पुन्हा पुन्हा करत होती. नवऱ्याने दिवाणाचा दरवाजा उघडून आत ठेवलेल्या गाद्या दाखवल्या, ज्या इतकी वर्षं हॉलच्या कोपऱ्यात रचलेल्या असत. मला ती बाजू जास्त पटते. 146 चे 91 झाले. दोन भेटी धरून 57 पुस्तकं हलली, त्यातली वाचून फक्त नऊ. बाकीची ‘नाही, हे मी वाचणार नाही’ असं म्हटल्यामुळे गेली. वर्षानुवर्षं तो निर्णय अडला होता, आणि तो घ्यायला तारीख लागली. एकादशी आहे म्हणजे यादी आजच पुरी करायला हवी, एवढा धाक पुरला.

उलट बाजूही आहे. घरात आधीच हजार पुस्तकं असलेला वाचक असता, किंवा जो वर्षाला पाचच वाचतो असा, तर बाराचा नेम त्याला जड गेला असता आणि चाळणीला दोन रविवार पुरले नसते. शिवाय सासूबाईंसारखं माणूस घरात नसतं तर नेम नुसता वहीत राहिला असता. रात्री जेवताना त्या विचारत, “आज कुठवर आलीस?” वाचलेलं थोडं सांगावं लागे. ‘बनगरवाडी’ त्यांनी तिच्याकडूनच जवळजवळ पूर्ण ऐकली.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव होता. ती गेली आणि पाच पुस्तकं घेऊन आली. त्यात एकही संच नव्हता. जानेवारी संपायच्या आत त्यातली तीन वाचून झाली होती, जे पूर्वी कधी झालं नव्हतं.

2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे आषाढी एकादशी उशिरा, 25 जुलैला येते आणि कार्तिकी 20 नोव्हेंबरला. बारावीनंतरच्या प्रवेशांची धावपळ तोवर बरीच आटोपलेली असेल. या वेळी आठच पुस्तकं. ‘हिंदू’ला तीन आठवडे दिले आहेत, पानांची वाटणी सासूबाई करणार आहेत. एक रहस्यकथा, नवऱ्याने स्वतःहून सुचवलेलं एक पुस्तक, आणि भेट आलेल्या दोनांपैकी एक. गणपती 14 सप्टेंबरला बसतो, ते दोन आठवडे कोरे. बाकी जागा भरायची घाई नाही, पण त्यातल्या तीन 27 सप्टेंबरपासूनच्या पितृपक्षासाठी आत्ताच अडवून ठेवल्या आहेत.